आम्हाला मोजा, पण दर महिन्याला नव्यानं विचारू नका

यवतमाळच्या आर्णी रोडवर एका ताईंचं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, दोन मशीन, एक इस्त्री आणि भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांची तसबीर. कर्जाच्या अर्जाचे कागद बघायला मी त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा हातात टॅब घेऊन एक तरुण आला. दुकान कधी सुरू केलं, किती जण काम करतात, भाडं किती, महिन्याची उलाढाल किती, असे प्रश्न त्यानं विचारले. ताईंनी हातातलं ब्लाऊज खाली न ठेवता सांगितलं, "चार हजार."

तो गेल्यावर मी म्हटलं, "ताई, चार हजार तर भाड्यात आणि लाइटबिलातच जात असतील."

त्या हसल्या. "दादा, कोन कोठून येते, आमाले काय मालूम? जास्त सांगतलं अन् लाडकी बहीण बंद झाली त? दिवाळीच्या आधी दोघं येऊन गेले, मागच्या महिन्यात एक आला. साऱ्याइले चार हजारच सांगतलं. अन् सांगून आमाले काय भेटते?"

सरकारी सर्वेक्षणांचं छोट्या धंद्यांवर पडणारं ओझं, हा विषय धोरणांच्या कागदांत कोरडा वाटतो. ताईंच्या या चार वाक्यांत तो सगळा आहे. आणि तो फक्त दुकानदारांचा प्रश्न नाही. आंबेडकरी समाजासाठी तो हिश्श्याचा प्रश्न आहे, म्हणून या लेखाचा खटाटोप.

चार माणसं, चार कामं, नाव एकच

ताईंकडे वर्षभरात कोण कोण आलं, याचा मी माग काढला. एक जण मालमत्तेच्या नोंदीसाठी आला होता. दुसरा खासगी एजंट होता. त्यानं उद्यम नोंदणी करून देतो म्हणून 300 रुपये घेतले. ही नोंदणी 1 जुलै 2020 पासून ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत आहे, हे ताईंना कुणी सांगितलंच नव्हतं. तिसरा कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा माणूस होता. चौथा, माझ्यासमोर आलेला, तेवढा खऱ्या अर्थानं सांख्यिकी सर्वेक्षणाचा होता.

ताईंच्या लेखी चौघंही 'सर्वेवाले'. चौघांनी जवळपास तेच प्रश्न विचारले. कुणीही जाताना हे सांगितलं नाही की ही माहिती कुठं जाणार, कुणाला दिसणार आणि कुणाला दिसणार नाही.

इथं एक फरक नीट समजून घ्यायला हवा. सरकार माहिती दोन कारणांसाठी मागतं. एक, तुमच्याबद्दल निर्णय घ्यायला: परवाना, कर, कर्ज, अनुदान. ही प्रशासकीय माहिती. दुसरं, तुमच्यासारख्या सगळ्यांबद्दल अंदाज बांधायला. तिथं तुमचं नाव महत्त्वाचं नसतं, तुमच्यासारखे किती आहेत हे महत्त्वाचं असतं. ही सांख्यिकी माहिती. पहिल्या प्रकारात खरं बोलण्याचे थेट परिणाम होतात. दुसऱ्या प्रकारात ते होऊ नयेत अशी कायद्याची अपेक्षा आहे. पण दुकानाच्या उंबरठ्यावर दोन्ही प्रकार एकाच चेहऱ्यानं उभे राहतात.

खरं ओझं कुठं आहे?

सांख्यिकी सर्वेक्षणाचं ओझं खरोखर किती? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दरवर्षी असंघटित क्षेत्रातील बिगरशेती उद्योगांचं सर्वेक्षण करतं. 'एएसयूएसई' या नावानं ते ओळखलं जातं. शिलाई, पानटपरी, गॅरेज, पिठाची गिरणी, किराणा, सलून असे धंदे त्यात येतात. ऑक्टोबर 2023 ते सप्टेंबर 2024 या काळातल्या सर्वेक्षणानुसार देशात असे 7 कोटी 34 लाख उद्योग आहेत आणि त्यांत 12 कोटींहून जास्त लोक काम करतात. हा अंदाज काढण्यासाठी प्रत्यक्ष माहिती घेतली ती सुमारे 4 लाख 98 हजार उद्योगांकडून. म्हणजे साधारण दीडशे दुकानांमागे एक. नमुना पद्धतीचा फायदाच हा. 1950 मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकारानं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं, तेव्हापासून तत्त्व हेच आहे: सगळ्यांना न विचारता सगळ्यांबद्दल कळावं.

म्हणजे एका दुकानाला दरवर्षी पिडणारं ओझं या सर्वेक्षणाचं नाही. ते आहे एकमेकांशी न बोलणाऱ्या खात्यांचं. उद्यमसाठी एक अर्ज, खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्न परवान्यासाठी दुसरा, कर्जासाठी तिसरा, विश्वकर्मा योजनेसाठी चौथा. प्रत्येकात नाव, पत्ता, व्यवसाय, कामगार, उलाढाल हेच रकाने. राज्यानं एका बाबतीत दिलासा दिला होता. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना देण्याची सोय केली. पण तिथं दिलेली माहिती पुढच्या खिडकीवर उपयोगी पडत नाही. तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

यात व्याख्येचा घोळही आहे. 1 एप्रिल 2025 पासून 'सूक्ष्म उद्योग' म्हणजे अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल. म्हणजे कागदावर आर्णी रोडच्या ताई आणि नऊ कोटींची उलाढाल करणारा कारखानदार एकाच रांगेत. कारखानदाराकडे मुनीम आहे, सीए आहे, संगणक आहे. ताईंकडे वही आहे, तीही उधारीची. ताई अर्ज भरत बसल्या की तेवढा वेळ मशीन बंद. दिवसाला दोन ब्लाऊज शिवणाऱ्या बाईचा एक तास आणि वीस माणसांच्या कारखान्याचा एक तास सारखा नसतो. ओझं मोजायचं असेल तर असं मोजायला हवं.

त्यात यवतमाळचा धंदा कापसावर चालतो. वेचणी होऊन कापसाचा पैसा हातात आला की शिलाई, कपडा, मोटारसायकल दुरुस्ती, भांडी, मंडप या सगळ्यांना धंदा मिळतो. ऑगस्टमध्ये तीच दुकानं ओस असतात. 'मागच्या महिन्याची उलाढाल सांगा' या प्रश्नाला ताई ऑगस्टमध्ये एक आकडा सांगतील आणि जानेवारीत दुसरा, आणि दोन्ही खरे असतील. वर्षभराच्या नमुन्यात हे चढउतार सामावले जातात. पण कर्जाच्या किंवा योजनेच्या अर्जात जो महिना पडेल तोच बाईच्या कपाळी बसतो.

खोटा आकडा का सांगितला जातो?

ताई खोटारड्या नाहीत. त्या अनुभवानं शहाण्या झालेल्या आहेत. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, ही अट आहे. 2025 मध्ये पडताळणी सुरू झाली, ई-केवायसी सक्तीची झाली, तशी गावोगावी धास्ती पसरली. अशा वेळी 'उलाढाल' विचारणारा माणूस आला की बाईला 'उत्पन्न' ऐकू येतं. खरं तर दोन्ही वेगळे. बारा हजारांच्या उलाढालीतून अस्तर, धागा, भाडं, वीज वजा जाता हातात उरतं ते उत्पन्न. आणि महिन्याला बारा हजारांची उलाढाल सगळीच्या सगळी उत्पन्न धरली तरी वर्षाचे होतात 1 लाख 44 हजार. पण हे गणित समजावणारं कुणी दारात आलेलं नसतं, आणि कुटुंबातल्या बाकीच्यांची कमाईही त्यात धरली जाते हे बाईला पक्कं माहीत असतं.

ही भीती फक्त विदर्भातली नाही. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून हजारो लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बंगळुरूमध्ये अनेकांनी क्यूआर कोड काढून टाकले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. त्याआधी 2020 च्या सुरुवातीला, नागरिकत्व कायद्यावरून देश तापलेला असताना, आर्थिक गणनेच्या प्रगणकांना काही ठिकाणी एनआरसीवाले समजून लोकांनी हाकललं. एका खात्यानं माहितीचा उपयोग धाकासाठी केला की त्याची किंमत सगळ्याच मोजणीला चुकवावी लागते.

कायदा काय म्हणतो? सांख्यिकी संकलन अधिनियम, 2008 नुसार त्या कायद्याखाली दिलेली माहिती फक्त सांख्यिकी कामासाठीच वापरता येते आणि एखादा माणूस किंवा दुकान ओळखू येईल अशा रूपात ती प्रसिद्ध करता येत नाही. त्याच कायद्यात दुहेरी विचारणा टाळण्याचीही तरतूद आहे. एखाद्या विषयावर केंद्रानं माहिती गोळा करायचा आदेश काढला असेल, तर ते काम पूर्ण होईपर्यंत राज्यानं केंद्राच्या परवानगीशिवाय तसाच आदेश काढायचा नाही. म्हणजे 'एकाला एकदाच विचारा' हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आधीच आहे. ते आर्णी रोडपर्यंत पोचलेलं नाही, एवढंच.

आपल्यासाठी मोजणी म्हणजे काय?

इथं काही कार्यकर्ते म्हणतील, मग सांगायचंच कशाला? दार लावून घ्या. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो.

आपल्या समाजाचा राजकीय इतिहास मोजणीच्या भांडणाचा इतिहास आहे. 1932 मध्ये लोथियन समितीपुढे मताधिकाराचा प्रश्न आला तेव्हा अस्पृश्य नेमके किती, यावरच वाद पेटला. काही प्रांतांतल्या सवर्ण पुढाऱ्यांनी आपल्याकडे अस्पृश्य जवळपास नाहीतच असा पवित्रा घेतला. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते आणि त्यांनी आपली स्वतंत्र टिपणी जोडली. संख्या कमी दाखवली की प्रतिनिधित्व कमी होतं, हा डाव त्यांनी ओळखला होता. पुढं धम्मदीक्षेनंतरही तेच. 1951 च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भूभागात बौद्ध होते सुमारे अडीच हजार. 1961 मध्ये ते झाले 27 लाख 89 हजार. लोकांनी प्रगणकाला 'बौद्ध' असं ठासून सांगितलं म्हणून जगाला तो बदल आकड्यांत दिसला.

धंद्याच्या बाबतीतही हेच. लक्ष्मी अय्यर, तरुण खन्ना आणि आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकांनी 2005 च्या आर्थिक गणनेवरून दाखवलं की लोकसंख्येत 16.4 टक्के असलेल्या अनुसूचित जातींकडे देशातल्या उद्योगांपैकी फक्त 9.8 टक्के मालकी होती. 2015-16 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात असंघटित बिगरशेती उद्योगांत अनुसूचित जातींचे मालक 12.45 टक्के आढळले. दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या आहेत, म्हणून एवढ्यावरून प्रगती झाली असं म्हणता येणार नाही. पण दोन्ही आकडे हाती आले ते एका कारणानं: अर्जात मालकाचा सामाजिक गट विचारणारा रकाना होता आणि कुणीतरी तो भरून घेतला.

या रकान्यावर पैसा उभा असतो. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या खरेदीपैकी 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. प्रत्यक्ष खरेदी या उद्दिष्टाच्या खूप खाली राहत आली आहे. वणीच्या कोळसा खाणींसारखी सार्वजनिक कंपनी आपल्याच जिल्ह्यात आहे. 'पुरवठा करू शकणारे अनुसूचित जातीचे उद्योजकच मिळत नाहीत' असं उत्तर आलं, तर ते खोडून काढायला आपल्याकडे जिल्ह्याचा आकडा हवा.

तो आज नाही. आर्थिक गणना हीच अशी मोजणी आहे जी नमुन्यावर न थांबता प्रत्येक आस्थापनेपर्यंत जाते. सहावी 2013-14 मध्ये झाली. सातवी 2019 मध्ये सुरू झाली, करोनात रेंगाळली, राज्यांनी तिच्या दर्जावर शंका घेतल्या आणि तिचे निकाल जाहीर झालेच नाहीत. लाखो दुकानदारांनी वेळ दिला, उत्तरं दिली आणि हाती काहीच आलं नाही. यापेक्षा मोठं ओझं कोणतं? विचारून आकडा न देणं हा उत्तर देणाऱ्याच्या वेळेचा अपमान आहे.

उलट बाजूही बघा. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी 2014 चा कायदा आहे. त्यानुसार दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. ज्याचं नाव त्यात आलं त्याला प्रमाणपत्र, त्या आधारावर पीएम स्वनिधीचं कर्ज. 2020 मध्ये पहिला हप्ता 10 हजारांचा होता, 2025 मध्ये तो 15 हजार झाला. ज्याचं नाव सुटलं तो अतिक्रमणवाला. हातगाडीवाल्या भावाला सर्वेक्षण नको असतं असं नाही. त्याला नेमकं तेच हवं असतं जे वेळेवर येत नाही.

ओझं कमी करण्याचे दोन रस्ते

म्हणून 'सर्वेक्षणांचं ओझं कमी करा' ही मागणी ऐकली की आपण विचारायला हवं: कसं?

एक रस्ता सोपा आहे. प्रश्न कमी करायचे, अर्ज आखूड करायचा. अशा छाटणीत आधी कुठला रकाना जाईल? माझी भीती ही की 'अनावश्यक' म्हणून सामाजिक गटाचाच रकाना जाईल. ओझं हलकं झाल्याची जाहिरात होईल आणि आपण आकड्यांतून गायब होऊ.

दुसरा रस्ता जास्त मेहनतीचा आहे, आणि बोजा सरकारच्या अंगावर टाकणारा आहे. ब्रिटनमध्ये दहापेक्षा कमी माणसांच्या व्यवसायाला एका सांख्यिकी सर्वेक्षणात ठरावीक मुदतीपुरतंच ठेवतात आणि नंतर किमान तीन वर्षं त्याला सुट्टी असते. अमेरिकेत 1980 च्या कायद्यानं सरकारी अर्जावर मंजुरी क्रमांक छापावा लागतो. अर्ज भरायला किती वेळ लागेल याचा अंदाजही द्यावा लागतो. वैध क्रमांक नसलेला अर्ज भरला नाही म्हणून कुणाला शिक्षा करता येत नाही. या गोष्टी आपल्याकडे अशक्य नाहीत.

यवतमाळसाठी माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली, दारात येणाऱ्या प्रत्येक सर्वेक्षकाकडे मराठीतली एक पानाची चिठ्ठी असावी. कोणतं खातं, कोणत्या कायद्याखाली, माहिती सक्तीची की ऐच्छिक, किती मिनिटं लागतील, आणि ठळक अक्षरात: ही माहिती रेशन, कर किंवा योजनेच्या पात्रतेसाठी वापरली जाणार नाही.

दुसरी, उद्यम क्रमांक असलेल्या दुकानाला नाव, पत्ता, व्यवसाय, सामाजिक गट पुन्हा विचारू नये. उद्यम नोंदणीत हे सगळं आधीच असतं. प्रशासनानं आपसात माहिती द्यावीघ्यावी. पण प्रवाह एकाच दिशेचा हवा: प्रशासनाकडून सांख्यिकीकडे. सांख्यिकीकडून करखात्याकडे किंवा योजनेच्या पडताळणीकडे कधीच नाही. ही भिंत पडली तर 'एकदाच विचारा' याचा अर्थ 'एकदाच पकडा' असा होईल.

तिसरी, एकदा नमुन्यात आलेल्या छोट्या दुकानाला तीन वर्षं सुट्टी.

चौथी, आकडे परत द्या. जानेवारी 2025 पासून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं आपल्या बहुतेक सर्वेक्षणांत जिल्हा हा नमुना निवडीचा मूळ घटक केला आहे. त्यामुळे जिल्हा पातळीचे अंदाज काढण्याची वाट मोकळी होते. मग यवतमाळचा दुकानदार ज्या प्रश्नाला उत्तर देतो, त्याचं उत्तर यवतमाळला मराठीत, सामाजिक गटानुसार मिळालं पाहिजे. ताईंच्या 'आमाले काय भेटते?' या प्रश्नाला सरकारनं द्यायचं पहिलं उत्तर तेच आहे.

आपण काय करायचं?

जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात आपली तरुण मुलं आहेत, विहारं आहेत, महिला मंडळं आहेत. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या कामाला देता येईल.

वस्तीतल्या छोट्या व्यावसायिकांची उद्यम नोंदणी आपण स्वतः मोफत करून द्यावी, एजंटाच्या हाती सोडू नये. ओळखपत्र मागायला शिकवावं. ओटीपी किंवा बँकेचा पिन कोणत्याही सर्वेक्षणाला लागत नाही, हे सांगावं. उलाढाल आणि उत्पन्न यांतला फरक वहीत आकडे मांडून दाखवावा.

सामाजिक गटाचा रकाना आला की काय सांगायचं, हेही स्पष्ट हवं. अनेक जण अभिमानानं 'बौद्ध' म्हणतात आणि समोरचा 'इतर'वर बोट ठेवून पुढं जातो. धर्म विचारला तर बौद्धच. पण सामाजिक गट विचारला तर अनुसूचित जाती. 1990 च्या दुरुस्तीनं बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत मान्यता मिळाली, ती लढून मिळाली. 2027 च्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे, तिथं तर ही स्पष्टता आणखी लागेल.

आणि माहिती अधिकाराचा एक अर्ज, दहा रुपयांचा. जिल्ह्यात गेल्या वर्षी व्यावसायिकांची कोणकोणती सर्वेक्षणं झाली, किती दुकानांना विचारलं, त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे मालक किती, निकाल कुठं प्रसिद्ध झाले? तीस दिवसांत उत्तर यायला हवं. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जाती सुमारे 12 टक्के आणि अनुसूचित जमाती साडेअठरा टक्के आहेत. आलेले आकडे या प्रमाणाशी ताडून बघता येतील.

एक गोष्ट मात्र मी ताईंना सांगू शकलो नाही: 'खरं सांगा, काही होणार नाही.' कायद्यात तसं लिहिलंय, पण दारात येणारे चारही जण सारखेच दिसत असताना जोखीम माझी नाही, त्यांची आहे. त्यांचे महिन्याचे दीड हजार माझ्या भरवशावर पणाला लावायचा मला अधिकार नाही. तो भरवसा देणं सरकारचं काम आहे, आणि तो सरकारकडून वसूल करणं आपलं.

तोवर आर्णी रोडवरचं ते दुकान सरकारी आकड्यांत चार हजारांचं राहील. आणि तशी चार हजारांची हजारो दुकानं बेरजेत आली की कुणीतरी म्हणेल, यांना मोठ्या कर्जाची गरजच काय?